तीन मिस कॉलचा नियम

लाईनबाईंबद्दल लिहायचं मी नऊ वर्षं टाळलं. कधी तब्येतीचं कारण पुढं केलं, कधी कारखान्यातली माणसं अजून नोकरीत आहेत, उगाच कुणाला त्रास नको, असं स्वतःला समजावलं. खरं कारण एवढंच की त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की माझ्याबद्दल लिहावं लागतं. गेल्या महिन्यात आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. त्यात एकानं लिहिलं होतं, 'बाई हुशार होत्या, पण एक चूक नडली.' पाचसहा जणांनी त्याला दुजोरा दिला. ती चूक त्यांची नव्हती. हे जगात दोनच माणसांना नक्की ठाऊक होतं, आणि आता एकच उरला आहे.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी प्रशासन अधिकारी होतो. लाईनबाईंचं खरं नाव शेवंताबाई. औंढ्याजवळच्या एका तांड्यावरच्या. नवरा कारखान्यात वायरमन होता. तो गेल्यावर त्याच्या जागी त्यांना घेतलं आणि टेलिफोनच्या खोलीत बसवलं. शिक्षण दहावी. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "साहेब, हितं फोन उचलायचा का जोडायचा?" मी म्हणालो, "दोन्ही." त्या म्हणाल्या, "मंग पगार येकच काहून?" मी हसलो. खोलीतला शिपाईही हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

काही वर्षांनी फोनची नवी यंत्रणा आली. कारखाना, दवाखाना, वजनकाटा, डोंगरकड्यापासून शिरड शहापूरपर्यंतची सगळी गट ऑफिसं, सगळ्यांचे फोन एका सर्व्हरवर. बाहेरून आलेला फोन आधी कुठं वाजणार, कुणी उचलला नाही तर पुढं कुठं जाणार, कुणाच्या टेबलावरून बाहेरगावी लागणार आणि कुणाच्या नाही, हे सगळं कॉम्प्युटरवर नियम लिहून ठरवायचं. पुण्याहून आलेला इंजिनिअर त्याला रूटिंग पॉलिसी म्हणायचा. बाई 'वाटा' म्हणायच्या. तो चार दिवस राहिला. चारही दिवस त्या त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसल्या आणि शंभर पानी वहीत सगळं उतरवून घेतलं. जाताना तो मला म्हणाला, "सर, कुणाला ट्रेनिंगला पाठवू नका. ह्या मॅडमना पासवर्ड द्या." मॅडम म्हटल्यावर बाईंनी मागं वळून पाहिलं होतं, कोण आलं म्हणून.

त्यांची एक रीत आमच्या ऑफिसात चेष्टेचा विषय होती. नवा नियम लावायचा असला की त्या आधी जिथून फोन येणार तिथं जायच्या. डोंगरकड्याच्या गट ऑफिसाची वाट बसवायची होती, तर त्या एसटीनं डोंगरकड्याला गेल्या, एका हॉटेलासमोर उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या मोबाईलवरून कारखान्याला फोन लावला. उचलला कुणी, किती वेळानं, काय म्हणाला, सगळं लिहिलं. मी विचारलं, "इथूनच दुसऱ्या फोनवरून लावून बघता आलं नसतं का?"

"हितून लावला तर हितल्या मानसावानी वाट बघनं होतंय, साहेब," त्या म्हणाल्या. "तिथं उन्हात हुबं राहून पाच रिंगा लई लांब लागतेत."

त्या दिवसापासून शेतकी विभागाचा फोन पाचाऐवजी तीन रिंगांनी पुढं जायला लागला.

वाटा त्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं काढायच्या. निळ्या पेनानं सरळ जाणारा फोन, लाल पेनानं वळलेला. रिसेप्शन, तिथून शेतकी विभाग, तिथं कुणी नसलं तर गट ऑफिस, तिथंही नसलं तर वजनकाटा. काटा शेवटी काहून, असं शेतकी अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "हंगामात काट्यावर मानूस नाही असं होतंच न्हाई. बाकी समद्यायला जेवन आस्तंय, चहा आस्तोय, मीटिंग आस्तीय." अधिकारी त्या वेळी चहाच पीत होते.

कुणीही कुठलीही वाट सांगितली की त्यांचा एकच प्रश्न असायचा: "उचलला न्हाई तर?" चेअरमनसाहेबांनासुद्धा. साहेब म्हणाले, "माझ्या बंगल्याचा फोन सरळ माझ्याकडंच आला पाहिजे." बाई म्हणाल्या, "तुमी उचलला न्हाई तर?" साहेब म्हणाले, "असं कसं होईल?" बाई म्हणाल्या, "वहिनीसाहेब रोज म्हनतेत, त्ये उचलत न्हाईत म्हनून." चेअरमनसाहेब मोठ्यानं हसले म्हणून आम्हालाही हसता आलं. स्टोअरकीपर मात्र हसला नाही. तो फोन वाजू द्यायचा आणि बसून राहायचा. बाईंनी त्याची वाट अशी वळवली की तीन रिंगांनी फोन थेट त्याच्या वरिष्ठाकडं. तो तावातावानं त्यांच्या खोलीत गेला. "माझा फोन काहून पळवता?" "पळवत न्हाई, भाऊ. तुमाला तकलीफ होऊन राहिली म्हनून उचलून नेते." दुसऱ्या दिवसापासून स्टोअरचा फोन पहिल्या रिंगला उचलला जाऊ लागला.

पण त्यांचं सगळ्यात मोठं काम कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आमच्याकडं ऊसतोडीच्या टोळ्यांतली माणसं फोन करत नसत, मिस कॉल द्यायची. मोबाईलमध्ये चारदोन रुपये उरलेले, ते घरच्या फोनसाठी राखून ठेवायचे. एक रिंग द्यायची, कापायचं आणि फोन हातात धरून वाट पाहायची. आमच्या यंत्रणेच्या लेखी तो फोन आलाच नव्हता. बाईंनी तो आला असं मानायला यंत्रणेला शिकवलं. फडावरच्या मुकादमांचे नंबर गोळा केले आणि त्यांचा मिस कॉल आला की तो एका यादीत पडेल असं केलं. दर दहा मिनिटांनी त्या यादी बघायच्या आणि स्वतः उलट फोन लावायच्या. "हां, बोला, काय झालं?" ट्रॅक्टर आला नाही, लेकराला ताप आहे, बैल बसला आहे, काहीही असो. प्रत्येक मुकादमाच्या मोबाईलमध्ये त्यांनी आपल्या हातानं कारखान्याचा नंबर टाकून दिला होता. सांगितलं होतं, "काई झालं तर ह्याच्यावर मिस कॉल मारा. मी हाय."

आता माझ्याकडं येतो.

एका हंगामात ऊस जास्त आणि टोळ्या कमी अशी अवस्था झाली. मिस कॉलचा पाऊस पडायला लागला. एका दुपारी बाहेरून कुणी मोठे पाहुणे चेअरमनसाहेबांना फोन लावत होते आणि त्यांना सारखा एंगेज लागत होता. शेवटी त्यांनी साहेबांच्या मोबाईलवर फोन करून टोमणा मारला. साहेबांनी मला बोलावलं. "तुमचा कारखाना मिस कॉलवर चालतो का? दोन दिवसांत बंदोबस्त करा." माझा निवृत्तीनंतरच्या मुदतवाढीचा अर्ज त्यांच्याच टेबलावर होता. मी दोन दिवस लावले नाहीत. तडक टेलिफोनच्या खोलीत गेलो.

मी बाईंना सांगितलं, "दहा मिनिटांत एकाच नंबरवरून तीन मिस कॉल आले की तो नंबर संध्याकाळपर्यंत बंद करायचा. आणि यादीतूनही काढायचा."

बाई खुर्चीतून उठल्या. "न्हाई, साहेब. हे करू नका."

"का?"

"आमच्या लोकायची रीत तुमाला म्हाईत न्हाई. साधं काम आसंल तर येक मिस कॉल मारतेत. घाईचं आसंल तर दोन. जिवावरचं आसंल तर मारतच राहतेत. तुमचा नियम बराबर त्याच मानसाला बंद करंल."

इतकं स्पष्ट त्यांनी सांगितलं होतं. मी हे वाक्य जसंच्या तसं लिहू शकतो, कारण ते विसरायचा प्रयत्न मी खूप केला आहे. तेव्हा मात्र मला त्यात फक्त विरोध ऐकू आला. शिपाई नुकताच दारात येऊन उभा राहिला होता. मी आवाज चढवला. "तुम्हाला विचारलं नाही, सांगितलं आहे. वाटा तुम्ही काढता म्हणून कारखाना तुमचा झाला नाही."

त्या खाली बसल्या, नियम लावला. मग त्यांचं रजिस्टर काढलं. प्रत्येक नियम कुणी सांगितला ते त्यात लिहिलेलं असायचं आणि पुढं सांगणाऱ्याची सही. त्यांनी लिहिलं, 'प्रशासन अधिकारी साहेब यांच्या तोंडी सांगण्यावरून', आणि रजिस्टर माझ्यासमोर फिरवलं. "उद्या करतो," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्या रजिस्टर घेऊन माझ्या केबिनपर्यंत आल्या होत्या. आत बैठक होती. मी हातानंच नंतर या म्हणून खुणावलं.

पाचव्या दिवशी शिरड शहापूरच्या अलीकडं, कॅनॉलच्या रस्त्यावर, भरलेली ट्रॉली उलटली. वेळ दुपारची. गोवर्धन नावाच्या तोडणीवाल्याचा पाय तिच्याखाली सापडला. तो बाईंच्याच तांड्यावरचा. त्याचा थोरला भाऊ मुकादम. त्यानं सवयीनं कारखान्याला मिस कॉल दिला. एक, दोन, तीन. मग पुन्हा, आणि पुन्हा. बाईंनी त्याला सांगून ठेवलं होतं, मी हाय. म्हणून तो फोन हातात धरून वाट पाहत राहिला. शेवटी होते नव्हते तेवढ्या पैशांत खरा फोन लावला. एंगेज. बंद केलेल्या नंबराला आमची यंत्रणा तोच आवाज ऐकवायची. कारखान्याची अँब्युलन्स दवाखान्यासमोर उभी होती. ड्रायव्हर आत डबा खात होता.

बाई त्या वेळी खोलीत नव्हत्या. चेअरमनसाहेबांच्या बंगल्यावरचा फोन नीट वाजत नाही म्हणून मीच त्यांना तिकडं पाठवलं होतं. त्या जागेवर असत्या तर नियम असूनही त्यांनी पडद्यावर तो नंबर पाहिला असता, असं मला वाटतं. तेही दार मीच लावून घेतलं होतं.

लोकांनी ट्रॉली उचलून गोवर्धनला बाहेर काढलं. एका जीपवाल्याला थांबवून औंढ्याला नेलं, तिथून नांदेडला. पाय गुडघ्यापासून काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणला असता तर पाय वाचवायचा प्रयत्न तरी करता आला असता.

चौकशी चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये झाली. दोन संचालक, शेतकी अधिकारी, मी आणि बाई. बाईंनी रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि ती ओळ दाखवली. एका संचालकानं चष्मा वर करून पाहिलं. "सही कुठं आहे? असं तर कुणीही लिहील." चेअरमनसाहेब माझ्याकडं वळले. "तुम्ही सांगितलं होतं का?"

त्या क्षणी मला हो म्हणता आलं असतं. मुदतवाढ गेली असती, बहुधा तेवढंच. मी म्हणालो, "मिस कॉलचा बंदोबस्त करा एवढं म्हणालो होतो. असा नियम लावायला सांगितल्याचं मला आठवत नाही."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. एखादी सरळ काढलेली वाट भलतीकडंच का जाते आहे, हे बघताना त्या पडद्याकडं बघायच्या, तसं. मग रजिस्टर मिटलं. "साहेबाला आठवत नसंल तर न्हाई," त्या म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

गोवर्धन, तू किंवा तुझ्या घरातल्या कुणी हे वाचलं, तर नीट वाच. तो नियम मी सांगितला होता. शेवंताबाईंनी तो लावू नका म्हणून मला उभ्या राहून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, आणि नंतर मला सगळं आठवत होतं.

त्यांना नोकरीवरून काढलं नाही. कारखान्यानं त्यांच्यावर दया केली असंच सगळे म्हणाले. टेलिफोनच्या खोलीतून काढून त्यांना वजनकाट्याच्या खिडकीत पावत्या फाडायला बसवलं. फोनचं काम नांदेडच्या एका ठेकेदाराकडं गेलं. त्याला यादी कशाला ते कळलं नाही, त्यानं ती काढून टाकली. आता आमच्या कारखान्याला फोन लावला की एक गोड आवाज एक दाबा, दोन दाबा असं सांगतो. काहीच दाबलं नाही तर काय, हे त्या आवाजाला कुणी विचारलेलं नाही.

मला मुदतवाढ मिळाली. त्या दोन वर्षांत मी रोज काट्यावरून जायचो आणि रोज खिडकीतून आवाज यायचा, "राम राम, साहेब." आवाजात काही नसायचं. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी काही दिवस मागच्या फाटकानं येऊन पाहिलं. पण तिकडून ऑफिस लांब पडायचं, आणि माणसाला स्वतःच्या सोयीची सवय लवकर लागते. पुन्हा काट्यावरून जाऊ लागलो. "राम राम, बाई," म्हणू लागलो. माझ्या निरोप समारंभात त्या मागच्या रांगेत बसल्या होत्या. माझ्या सचोटीवर तीन भाषणं झाली.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी बायकोला नागनाथाला जाऊन येतो म्हणून सांगितलं आणि हिंगोलीहून औंढ्याची बस धरली. बसमध्ये मी वाक्य पाठ करत होतो. 'बाई, तो नियम मी सांगितला होता. मला आठवत होतं. मी खोटं बोललो. मला माफ करा.' चार लहान वाक्यं. देवळात गेलो, बाहेरून पेढे घेतले आणि रिक्षानं तांड्यावर पोचलो.

तांड्याच्या तोंडाशी पानटपरीवर कुबडी टेकवून एक माणूस बसला होता. पायाकडं पाहिलं आणि ओळखलं. त्यानं मला ओळखलं नाही. "कोनाकडं?" त्यानं विचारलं.

"शेवंताबाईंकडं."

"आमच्या फोनबंद याडीकडं व्हय?" तो हसला. याडी म्हणजे आई. त्याच्या हसण्यात दुष्टावा नव्हता. फार वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं ते नाव होतं. कुबडीनं त्यानं दाखवलं. "ते निळं दार. जा, घरीच हायेत."

मी त्याला "बरं" म्हणालो आणि पुढं गेलो.

बाई खूप वाळल्या होत्या. बाजेवर बसून शेंगा सोलत होत्या. मला बघून उठायला लागल्या, मी हातानं बसवलं. सुनेनं चहा आणला. पेढ्यांचा पुडा त्यांनी कपाळाला लावला आणि बाजूला ठेवला.

"गोवर्धन भेटला आसंल टपरीवर," त्या म्हणाल्या. "दुपारी येतोय जेवाया. त्याची बायको कामाला जातीय, मंग हितंच दोन घास खातोय."

"रोज?"

"रोज. लोक म्हनतेत, बाई पाप फेडून राहिली. म्हनू द्या. भाकर त्याच्या पोटात जाती, लोकायच्या न्हाई."

मला बोलावंच लागलं. "तुम्ही त्याला कधी सांगितलं नाही? नियम कुणाचा होता ते?"

शेंगा सोलणारी बोटं थांबली. "काय सांगू? साहेबाला आठवत न्हाई म्हनून सांगू?"

मग लगेच, मला त्या वाक्याखाली फार वेळ ठेवू नये म्हणून असेल, त्यांनी विचारलं, "वहिनीच्या गुडघ्याचं कसं हाय?" मी गुडघ्याबद्दल बोललो. डॉक्टरबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो, ग्रुपवर कोण कोण आहे ते सांगितलं. चहा संपला. पाठ केलेली चारही वाक्यं तोंडात होती. एकदा मी "बाई" एवढं म्हणालोसुद्धा. त्यांनी वर पाहिलं आणि शेंगा बाजूला सारल्या. ऐकायला तयार झाल्या. मी म्हणालो, "तब्येतीला जपा."

चपला घालत असताना त्या दारापर्यंत आल्या. चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "साहेब, इतक्या लांब काहून आलते, ते सांगितलंच न्हाई."

"सहज," मी म्हणालो. "नागनाथाला आलो होतो."